एक वांगं बियाण्याला ठेवा

मंडईत वांग्यांच्या ढिगासमोर उभ्या राहिलो की आपण सगळ्याजणी साधारण एकच करतो. एक वांगं उचलायचं, हातावर तोलायचं, देठाशी दाबून बघायचं, फिरवून कुठे भोक तर नाही ना ते पाहायचं आणि शेवटी विचारायचं, ‘‘मावशी, भरायला चालतील ना ही?’’ मावशी म्हणतात, ‘‘चालतील की!’’ भरिताला विचारलं तरी ‘‘चालतील की’’ आणि रश्श्याला विचारलं तरी तेच. घरी आल्यावर कळतं. भरायला आणलेली वांगी कढईत विरघळून जातात, नाहीतर भरितात गर कमी आणि बियाच जास्त लागतात.

यात मावशींचा दोष नाही. त्यांच्याकडे जे आलं ते त्या विकतात. आंबा घेताना हापूस की पायरी असं विचारणारे आपण, वांगं घेताना मात्र फार तर ‘काळं की हिरवं’ एवढ्यावर थांबतो. खरं म्हणजे टोमॅटो, मिरची, बटाटा ही वांग्याची सगळी भावंडं गेल्या चार-पाचशे वर्षांत समुद्रापलीकडून आपल्याकडे आली. वांगं मात्र हजारो वर्षांपासून आपल्याच मातीतलं. म्हणून तर दर पाच-पन्नास मैलांवर त्याचा रंग बदलतो, आकार बदलतो, काटे कमी-जास्त होतात आणि चवही बदलते.

आता अंगणात किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्या बायका गावोगावी वाढल्या आहेत. रोपवाटिकेत जायचं, ‘‘वांग्याची पाच रोपं द्या’’ म्हणायचं आणि मिळतील ती आणून लावायची, हा सर्रास रिवाज. रोप जगतं, वांगीही लागतात. पण ती कुठली, पुढच्या वर्षी तीच मिळणार का, त्यांचं बी धरता येईल का, हे कोणी विचारत नाही. दारात लावायचंच आहे तर मैत्रिणींनो, थोडं निवडून लावू या. आणि निवडायचं ते रोपवाटिकेत नाही, स्वयंपाकघरात. तुमच्या घरी वांग्याचं सगळ्यात जास्त काय होतं, भरीत, भरली वांगी, काप की रस्सा? त्यावर सगळं ठरतं.

भरिताचं राज्य

भरीत म्हटलं की पहिला मान खान्देशाचा. जळगाव जिल्ह्यातली बामणोद, आसोदा ही गावं भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेली. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे वाचक मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडे पिकवलेल्या वांग्याला ‘जळगावचं भरीत वांगं’ म्हणून विकायची सोय राहिली नाही.

हे वांगं दिसायला फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आकाराने चांगलं दांडगं. बी कमी आणि गर भरपूर. पण खरी ओळख भाजल्यावर पटते. साल अलगद सुटून येते आणि आतला गर लोण्यासारखा निघतो. तिकडे ही वांगी गॅसवर भाजत नाहीत. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काट्यांच्या जाळावर भाजतात, मग लाकडी बडगीत ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि हात सैल सोडून तेल. टोमॅटो घालून परतलेलं भरीत खान्देशी माणसापुढे ठेवलंत तर तो खाईल, पण त्याला भरीत म्हणणार नाही!

मग हेच दारात लावावं का? जागा असेल तर जरूर. मात्र एक लक्षात घ्या, हे कुंडीतलं काम नव्हे. फळ मोठं, त्यामुळे एका वेळी झाडावर मोजकीच धरतात, फांद्या वजनाने वाकतात, काठीचा आधार द्यावा लागतो. थंडी चांगली पडली की चव उतरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा खरा हंगाम. काळी कसदार जमीन, मोकळं अंगण आणि दोन झाडांत अडीच फूट अंतर एवढं देता येत असेल तरच वाटेला जा. खान्देशी बियाणं हाती लागलं नाही तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ‘फुले हरित’ भरिताला चांगलं. तेही फिकट हिरवं आणि मोठं. तिकडच्या बायका मात्र शपथेवर सांगतील की आमच्या वांग्याची सर त्याला नाही. त्या सांगतात त्यात माहेरचा अभिमान किती आणि जिभेचा अनुभव किती, हे ज्याने त्याने खाऊन ठरवावं.

भरायची वेगळी

भरल्या वांग्याचा हिशोब नेमका उलटा. इथे गर विरघळून चालत नाही. चार चिरा देऊन मसाला भरला की वांग्याने देठाशी घट्ट धरून राहिलं पाहिजे, शिजून मऊ झालं पाहिजे, पण फुटता कामा नये. म्हणून लहान, जाडसर सालीचं, भरीव वांगं हवं.

मांजरी गोटा हे नाव अनेकींनी ऐकलेलं असेल. पुण्याजवळच्या मांजरी गावाचं नाव त्याला मिळालं. गोल, जांभळट गुलाबी, अंगावर पांढरे पट्टे, पानांवर आणि देठावर काटे. चवीला याला तोड नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच. तोडल्यावर चार-पाच दिवस सहज टिकतं. अडचण एकच, फळ वाढू दिलं तर ते भरायच्या मापाबाहेर जातं. म्हणून लिंबाहून थोडं मोठं झालं की तोडायचं. रोज झाडाकडे बघणारीलाच हे जमतं, आणि दारातल्या झाडाचा फायदा तरी दुसरा काय?

‘वैशाली’ आणि ‘प्रगती’ या दोन्ही जाती सरळ वाणाच्या, अंडाकृती, जांभळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या. वैशालीला फळं झुबक्यांनी लागतात. एका देठापाशी तीन-चार वांगी लोंबताना बघायलाही छान वाटतं. कुंडीत लावायचं असेल तर माझं मत वैशालीला. फळं लहान, त्यामुळे झाडावर ताण कमी, आणि एका वेळी भाजीपुरती हाताशी येतात. चवीत मात्र ती मांजरी गोट्याच्या मागे, हेही सांगून ठेवते. प्रगतीचं झाड उंच आणि काटक, तोडे भरपूर. आठवड्याला दोनदा वांग्याची भाजी होणाऱ्या घराला प्रगती परवडते. विदर्भातल्या मैत्रिणींना अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘अरुणा’ मिळते, तीही झुबक्यांची. तुरीच्या ओल्या सोल्यांबरोबर रस्सा करायचा तर अशी लहान कोवळी वांगीच बरी.

काटे पाहून नाक मुरडू नका. काटेरी देठाचं वांगं चवदार, ही जुन्या बायकांची समजूत. काट्याने चव येत नाही हे खरं, पण आपल्याकडची जुनी चवदार वाणं बहुतेक काटेरीच निघाली, हेही तितकंच खरं. बिनकाट्याची वांगी तोडायला आणि पोत्यात भरायला सोपी, म्हणून बाजाराला ती आवडतात. आपल्याला पोती भरायची नाहीत.

नदीकाठची आणि समुद्राकडची

सांगली-मिरजेकडे कुणाच्या घरी जेवायला गेलात तर ‘कृष्णाकाठची वांगी आहेत हं’ असं आवर्जून सांगून वाढतात. पूर ओसरल्यावर नदीकाठी जी काळी गाळाची मळी राहते, तिच्यात आलेलं वांगं चवीला वेगळंच लागतं. गावागावाला त्याचा रंग थोडा बदलतो, पण काटेरी देठ आणि कोवळा गर ही खूण सगळीकडे. तिकडचे लोक वाणाइतकंच श्रेय त्या मळीला देतात. कृष्णाकाठचं बी आणून मुरमाड जमिनीत लावलं तर झाड येईल, पण तीच चव येईल असं वचन कुणी देऊ नये. बी आणण्याआधी आपली माती बघावी.

गोव्यात झुआरी नदीच्या काठी आगशी नावाचं गाव आहे. तिथली मोठी, जांभळी, चकाकणारी वांगी गोवेकर बाजारात नाव घेऊन मागतात. गर भरीव आणि बी कमी, म्हणून जाडसर चकत्या काढून, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून काप करायला ती अगदी उत्तम. कोकणात ज्यांच्या घरी श्रावणात मासळी बंद होते, त्यांना कापांची किंमत सांगायला नको. अर्थात ज्या घरी चातुर्मासात वांगंही वर्ज्य असतं, तिथे चंपाषष्ठीपर्यंत वाट बघायची. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा सुरू. गंमत म्हणजे वांग्याचा खरा बहरही तेव्हाच सुरू होतो. शास्त्र कुणी कशासाठी केलं कोण जाणे, पण हंगामाशी ते छान जुळतं.

एकच वाण, एकच अंगण

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग एक भरिताचं, एक भरायचं, एक कापाचं अशी तिन्ही लावते! खायचं असेल तर खुशाल लावा. पण बी धरायचं असेल तर थांबा.

वांग्याच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे बरीचशी फळं त्याच फुलाच्या परागावर धरतात. परंतु भुंगे आणि माश्या काही एका झाडापुरत्या थांबत नाहीत. वांग्याचा पराग पिवळ्या नळीसारख्या पुंकेसरांच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. भुंगा फुलाला बिलगून गुणगुणतो, त्या थरथरीने पराग झडतो, आणि तोच भुंगा पुढच्या झाडावर जातो. तुमच्या मांजरी गोट्याशेजारी भरिताचं वांगं असेल तर काही बिया मिश्र होणारच. फळ बघून ते कळत नाही. कळतं पुढच्या वर्षी, त्या बियांच्या झाडाला ना धड गोल ना धड लांब वांगी लागली की. बियाणं पिकवणारे लोक यासाठी दोन वाणांत निदान शंभर-दोनशे मीटर अंतर राखतात. आपल्या अंगणात एवढं अंतर कुठून आणायचं? शेजारणीच्या परसातलं वांगंही त्याच अंतरात येतं.

उपाय आहे, तोही चिंधीचा. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, ती फुगून जांभळी दिसते. तिच्यावर मलमलच्या कापडाची छोटी पिशवी चढवून दोऱ्याने सैल बांधायची. फूल आत उमलेल. सकाळी दहाच्या सुमाराला त्या फांदीला बोटाने हलकेच टिचक्या मारायच्या, भुंग्याचं काम आपण करायचं. तीन-चार दिवस असं केलं आणि फळाची गाठ धरली की पिशवी काढून टाकायची आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवायचा. एक गोष्ट मात्र बघून घ्या. वांग्याच्या फुलांत स्त्रीकेसर काही फुलांत लांब असतो, पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावतो, आणि काहींत इतका आखूड असतो की ते फूल फळ न धरताच गळतं. ‘एवढी फुलं येतात आणि गळतात का हो?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींना याच्यातच अर्धं उत्तर मिळेल. आतून टोक बाहेर डोकावेल असं फूल भक्कम देठाच्या मोठ्या कळीतून येतं. पिशवी अशाच कळ्यांना बांधा, आणि एकाऐवजी चार-पाच बांधा.

पाकिटावरचं एफ-१

बियाण्याच्या पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी धरण्यात अर्थ नाही. संकरित वाणाची पहिली पिढी जोमदार येते, सगळी फळं सारखी येतात, म्हणून शेतकरी ते घेतो. तो घेतो यात चूक नाही, त्याला बाजार गाठायचा असतो. पण त्या फळांच्या बिया पेरल्या तर दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखुरतात. एक झाड उंच, एक बुटकं, एकाला लांबोडी फळं, एकाला गोल. दरवर्षी नवीन पाकीट घ्यायची तयारी असेल तर संकरित लावा. तीच चव दरवर्षी आपल्या हातात राहावी असं वाटत असेल तर सरळ वाण किंवा गावरान बी शोधा.

भुसावळकडच्या एका ओळखीच्या घरी सासूबाईंच्या काळापासून भरिताच्या वांग्याचं बी चालत आलं होतं. दरवर्षी बांधाकडेचं एक झाड बियाण्याचं म्हणून सोडलेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. सासूबाई गेल्या, त्या वर्षी घरात लग्न निघालं, पाहुण्यांसाठी शेतात भरीत-पार्टी झाली आणि कामाच्या माणसांनी सगळीच वांगी तोडून आणली. बियाण्याचं झाडही. डबीतलं जुनं बी आधीच दोन पावसाळे ओल खाऊन बसलेलं, ते उगवलं नाही. पुढच्या वर्षी बाजारातून तसंच दिसणारं बी आणलं. वांगी मोठी येतात, हिरवी येतात, भरीतही होतं. पण त्या घरचे काका अजून पहिल्या घासाला थांबतात आणि काही न बोलता पुढचा घास घेतात. काकू म्हणतात, ‘‘बोलले असते तर बरं वाटलं असतं.’’

अशी किती वाणं किती घरांतून गेली याची नोंद कुठे ठेवलेली नाही. जी राहिली ती बहुतेक बायकांच्या गाडग्या-मडक्यांतून राहिली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता सगळ्या देशाला माहीत आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी भाज्यांची आणि धान्यांची गावरान बियाणी जमवून घरात बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याइतकं नाही, पण आपल्या घरापुरतं एक वाण सांभाळणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

अळीचं काय करायचं?

वांगं म्हटलं की अळी आलीच. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी म्हणजे वांग्याचा सगळ्यात मोठा शत्रू. हिच्यापायी शेतकरी फवारणीमागून फवारणी करतो, आणि त्यामुळेच आपल्याला दारात वांगं लावावंसं वाटतं. हिच्यावर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं आणलं होतं. त्यावरून देशभर वाद झाला, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. या वादात एक मुद्दा आपल्या कामाचा होता. वांगं इथलंच, त्याचे रानटी भाऊबंद आणि शेकडो वाणं इथेच, आणि परागाला कुंपण घालता येत नाही.

पाच-सहा झाडांच्या बागेत अळीला फवारणीची गरज नाही, नजरेची आहे. सकाळी पाणी घालताना एखादा कोवळा शेंडा मान टाकलेला दिसला की समजा, आत अळी आहे. त्या शेंड्याखाली दोन बोटं सोडून कात्रीने कापा आणि तो तुकडा बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवा. झाडाखाली टाकू नका, अळी तिथून मातीत जाऊन कोष करते. भोक पडलेलं फळही तसंच. आठ-दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क शिंपडत राहा. म्हणजे अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी गाळून ते पाणी दहा लिटर करायचं आणि त्यात थोडा साबणचुरा विरघळवायचा. मात्र एखाद्या झाडाची पानं अगदी बारीक होऊन शेंड्याशी गुच्छ झाला आणि फुलंच येईनाशी झाली, तर तो बोकड्या रोग. तुडतुडे तो पसरवतात आणि त्यावर औषध नाही. जीव जड करून ते झाड उपटून टाका. त्याचं बी धरायचा तर प्रश्नच नाही.

पिवळं पडलेलं सोनं

आता बियाण्याचं. बहुतेकींची पद्धत अशी की हंगामभर खाऊन झालं, झाड म्हातारं झालं, शेवटी एखादं वाकडंतिकडं वांगं चुकून पिवळं पडलं की त्याचं बी काढायचं. ही पद्धत उलटी आहे. बी धरायचं ते सगळ्यात निरोगी झाडाचं, सगळ्यात सुबक फळाचं, आणि तेही बहर भरात असताना. पहिला तोडा खाऊन घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याच्या वेळी झाडं नीट पारखा. कुठल्या झाडाला अळी कमी लागली, कुठल्याची फळं मनासारखी आली, ते बघा. आणि त्यावरचं नेमकं जे वांगं तोडावंसं वाटेल, त्यालाच दोरा बांधा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर कुणीतरी कौतुकाने तोडून आणून ओट्यावर ठेवेल, आणि मग रागावून उपयोग नाही.

दोरा बांधलेलं फळ आपण खायला तोडतो त्यापेक्षा जवळजवळ महिनाभर जास्त झाडावर राहतं. जांभळं वांगं तपकिरी-पिवळं होतं, हिरवं वांगं पिवळंजर्द होतं. एवढे दिवस झाडाची ताकद बियांत जाते, म्हणून नवी फळं कमी धरतात. हा तोटा सोसायचा. दर झाडाला एक किंवा दोन फळं पुरेत. शक्य असेल तर एकाच झाडावर न विसंबता त्याच वाणाच्या तीन-चार झाडांवर एकेक ठेवा, म्हणजे वाणाचा कस टिकतो.

पिवळं झालेलं फळ तोडून आठ दिवस सावलीत ठेवा, ते मऊ पडेल. मग चिरून गर पाण्यात कुस्करा. टोमॅटोचं बी दोन दिवस आंबवावं लागतं, त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण असतं म्हणून. वांग्याला ती कटकट नाही. चांगलं भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट बी आणि गर वर तरंगतो. वरचं पाणी ओतून द्या, दोन-तीनदा धुवा, आणि बी ताटात किंवा सुती फडक्यावर पसरून सावलीत तीन-चार दिवस वाळवा. कागदावर पसरू नका, चिकटून बसतं. शेवटी एखाद-दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखवा. नखाने दाबल्यावर बी वाकलं तर अजून ओल आहे, कटकन तुटलं तर झालं.

चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत घट्ट बंद करा, आणि बरणी उबेपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. बरणीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला विसरू नका. तीन-चार वर्षं हे बी कामाला येतं. एका ग्रॅममध्ये दोनशे-अडीचशे बिया असतात, म्हणजे एका चांगल्या फळाचं बी तुमच्या अंगणाला पुरून गल्लीला वाटता येईल एवढं निघतं. वाटाच. आपण पिकवलेलं बी ठेवायचा, पेरायचा आणि दुसऱ्याला द्यायचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिलेला आहे. आणि खरा फायदा वेगळाच. दोन-तीन घरांत तेच बी असलं, की एका घरचं गेलं तरी दुसरीकडे राहतं.

जानेवारीत धरलेलं बी जूनमध्ये पेरायचं. त्याआधी मेच्या शेवटी बरणीतल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून बघा, आठ-दहा दिवसांत मोड दिसतील. दहातल्या सात उगवल्या तर निर्धास्त पेरा आणि रोपं पाच आठवड्यांची झाली की लावा. चार-पाच उगवल्या तर वाफ्यात दाट पेरा. आणि दोन-तीनच उगवल्या तर त्या बरणीवर विसंबू नका, शेजारणीकडे दिलेलं त्यातलंच चमचाभर मागून आणा.